आधी बेडूक दाखव

माझी मुलगी बेडकांवर काम करते हे मी बाहेर कुणाला सांगत नसे. कुणी विचारलंच तर "पुण्यात रिसर्चला हाय" एवढं बोलून विषय तोडायचो. कारेगावात आमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या मुली नर्सिंगला, बँकेत, नाहीतर एखाद्या कंपनीत क्वालिटीला. बेडूक म्हटलं की माणूस आधी हसतो, मग शेजारच्याकडे तोंड फिरवून काहीतरी पुटपुटतो. काय पुटपुटतो ते मला कळायचं नाही, पण चांगलं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

मी मूळचा संशयी नाही. निदान माझी तरी तशी समजूत आहे. खुटबावला आमची शेती आहे, ती थोरला भाऊ बघतो. मी आयटीआय करून रांजणगावला आलो, एका कंपनीच्या प्रेस शॉपला चिकटलो आणि आजतागायत तिथेच आहे. पत्रा ठेवायचा, प्रेस मारायचा, पार्ट काढायचा. सगळे प्रेस एकदम चालू असले की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. कंपनी कानात घालायला नारिंगी बोळे देते. पण पत्र्याला आकार देणारी डाय जरा हलली की प्रेसचा आवाज बदलतो आणि ऑपरेटरला ते कानानेच कळतं. म्हणून आम्ही जुनी माणसं ते बोळे दोरीने गळ्यात अडकवून ठेवायचो आणि साहेब दिसला की कानात घालायचो.

शॉपमध्ये बोलणं सगळं हाताने. उघड्या तळहातावर मूठ आपटली म्हणजे प्रेस, म्हणजेच मशीन. बोट हवेत गोल फिरवलं म्हणजे चालू ठेव. दोन्ही मनगटांची फुली केली म्हणजे बंद. मनगटावर टिचकी मारली म्हणजे किती वाजले, कधीपासून, कधी सुटायचं, त्या वेळेला जे लागू पडेल ते. माझ्या पलीकडच्या प्रेसवर ओडिशाचा एक जण आहे. त्याला मराठी येत नाही आणि माझ्या हिंदीचा आनंदच आहे. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसतो. पण मशीनवर त्याच्या-माझ्यात आजवर एकदाही गैरसमज झालेला नाही. घरच्यांबद्दल मला तसं म्हणता यायचं नाही.

मुलगी लहान होती तेव्हा घरीसुद्धा मी तेच करायचो. शिफ्टवरून आल्यावर तोंड उघडायचा कंटाळा येतो, असं सांगून हातानेच पाणी मागायचो, हातानेच टीव्ही बंद करायला लावायचो. तिला तो खेळ वाटायचा. शाळेत जायच्या आधीच तिला सगळ्या खुणा येत होत्या. पुढे ती मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली आणि तिथे बेडकांच्या नादी लागली.

त्या सुमारास घरात सगळे हळू बोलायला लागले होते. बायको पूर्वी खणखणीत बोलायची. तिच्या माहेरी या बांधावरून त्या बांधावर हाका मारायची सवय. तीच बाई आता माझ्याकडे पाठ करून ओट्याशी काहीतरी गुणगुणल्यासारखं बोलायची आणि मी "काय?" म्हटलं की "काय न्हाई, ऱ्हाऊ द्या" म्हणायची. काय राहू द्यायचं हे कधी सांगायची नाही. मुलगी सुट्टीला आली की दोघींचं खलबत सुरू. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून कानोसा घ्यायचो आणि मला बघितलं की दोघी गप्प व्हायच्या. खालचा भाडेकरू टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला यायचा. त्याचा माझ्या गाडी लावायच्या जागेवर डोळा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आवाज आणखी वाढवायचो.

कंपनीचंही तेच. वर्षातून एकदा कानांची तपासणी होते. काचेच्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बोट वर करायचं. जो नापास होतो त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकतात. प्रेसवर आयुष्य काढलेला माणूस पॅकिंगला पुठ्ठ्याचे खोके चिकटवताना बघवत नाही. जुन्या पर्मनंट माणसांना हलवायची ही युक्ती आहे असं माझं ठाम मत होतं. म्हणून मी तपासणाऱ्या बाईंच्या खांद्यावर लक्ष ठेवायचो. बटण दाबताना त्यांचा खांदा जरासा हलतो. खांदा हलला की माझं बोट वर. मी दरवर्षी पास व्हायचो.

तर अशा घरात मुलीने मला एकदा मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. ओल्या दगडावर अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक बसला होता आणि बाजूने पाणी धावत होतं. बेडकाने मागचा एक पाय हळूच उचलला, लांब केला, बोटं पसरली. बोटांमधलं पांढरट कातडं दिसलं. मग पाय परत खाली.

"पप्पा, हा नाचरा बेडूक," ती म्हणाली. "जंगलातला वाहता ओढा सोडून हा कुठे राहत नाही. अंडीसुद्धा ओढ्याच्या वाळूत घालतो. ओढा आटला की हा संपला."

"ह्याचा आवाज कुठाय?" मी विचारलं.

"ओरडतो की. पण..." पुढचं तिने मोबाईलकडे खाली बघत सांगितलं. मला ते नीट लागलं नाही. व्हिडिओतही नुसती खरखर. आजकाल मोबाईलवर लोक पुढाऱ्यांनासुद्धा नाचवतात, तिथे बेडकाचं काय! पाय उचलणारा बेडूक मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"पाय मुरगळला असंल त्याचा," मी म्हटलं. ती हसली नाही.

दसऱ्याला दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खुटबावहून आला. गावच्या सोसायटीत चेअरमन व्हायची त्याला हौस आहे, त्यामुळे चार माणसांपुढे बोलल्यासारखंच तो घरातही मोठ्याने बोलतो. त्याचं सगळं मला नीट ऐकू यायचं. मुलगी आत होती. तिने जाता जाता सांगितलं होतं की दिवाळीनंतर कर्नाटकच्या हद्दीवरच्या जंगलात ओढ्यांचा सर्व्हे आहे. दादाने तो शब्द बरोबर पकडला.

"सर्व्हे म्हंजी कुणाची जमीन जायाची हाय?" त्याने विचारलं. "तुमच्या रांजणगावात कंपन्या यायच्या आधी सर्व्हेच झाला व्हता."

"बेडकांचा सर्व्हे हाय, दादा."

"बेडकांचा? आरं, बेडकं आपल्या पाटाला काय कमी हायती? पाणी सुटलं की झोपू देत न्हाईत. त्यासाठी पोरगी पार कर्नाटकच्या हद्दीवर कशाला जाती? त्यात बेडूक न्हाई, पोरगा हाय. लिहून ठेव."

मी काही हलक्या कानाचा माणूस नाही. पण त्या दिवशी दादाने माझे कान भरले ते भरलेच. बेडूक खुटबावला मिळत असताना त्याच्यासाठी घाट उतरायचा, याला मलाही काही अर्थ दिसेना. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की झालं.

आणि त्याच संध्याकाळी मला पुरावा मिळाला. दोघी मायलेकी भांडी घासत होत्या, तोंडं दाराकडे होती म्हणून काही शब्द हाती लागले. बायको म्हणाली, "मशीन घ्यावंच लागंल." मुलगी म्हणाली, "पप्पा ऐकायचे नाहीत." मग बायको पुन्हा काहीतरी, त्यात पुन्हा मशीन. शेवटी "तूच सांग, माझ्या अंगावर येत्यात."

मी पलंगावर येऊन बसलो आणि सगळं जुळवलं. पोरगा ठरलाय. त्याच्या घरच्यांनी वॉशिंग मशीन मागितलंय. आणि ते मला सांगायचं कुणी, यावर घासाघीस चाललीय. मला राग आला तो मशीनचा नाही. माझ्या घरात मुलीचं लग्न ठरतं आणि मला ताकास तूर लागू देत नाहीत, याचा मला फार राग आला. वाईटही वाटलं. ती माझ्या मांडीवर वाढलेली पोर होती.

जेवताना मुलीने विषय काढलाच, पण भलताच. ज्या जंगलात ती अधूनमधून जाऊन राहायची, त्याच्या पायथ्याच्या गावात दोन वर्षं राहायचं होतं. तिथल्या ओढ्यावर हे बेडूक किती आहेत, कधी दिसतात, पाणी कमी झालं की त्यांचं काय होतं, हे सलग कुणी बघितलेलं नाही, ते काम तिला मिळत होतं. दिवाळी संपायच्या आत हो म्हणायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. हे सगळं ती माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगत होती, म्हणून मला कळलं. असं सुटं सुटं माणूस कधी बोलतं? पाठ करून आल्यावर.

"पप्पा, मला दुसरं काहीच करायचं नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. पण मग मी काय करू ते मला सांगा."

मी हात धुतले आणि म्हटलं, "आधी बेडूक दाखव. मोबाईलवर न्हाई, डोळ्यांनी. पाय उचलताना. दिसला तर जा दोन वर्षं. न्हाई दिसला तर तिथलं सामान बांधायचं आन् माझ्यासंगं घरी यायचं."

"तो काय दावणीला बांधलेला असतो का?"

"मग ऱ्हाऊ दे."

तिने आपलं ताट उचललं. मग म्हणाली, "चला."

दिवाळीची सुट्टी लागली तशी आम्ही दोघं निघालो. रांजणगावहून एसटीने पुणे, तिथून पुढची गाडी, मग घाटात जीप. वाटेत तिच्या फोनवर कुणाकुणाचे फोन येत होते. "हो सर, पोचतोय सर." मी खिडकीबाहेर बघत असल्यासारखं दाखवायचो आणि काचेत तिचं तोंड बघायचो. सर म्हणजे कोण, हे आता समोरासमोर कळणार होतं.

सर माझ्याच वयाचे निघाले. गुडघेदुखीने बेजार, पायात जळवा चढू नयेत म्हणून मांडीपर्यंतचे जाड मोजे, हातात चहाचा थर्मास. मला जरा हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. यांना मुलगा असू शकतो, हे लगेच माझ्या लक्षात आलं. सरही हळूच बोलायचे. बेडूक बिचकू नयेत म्हणून या लोकांना तशी सवयच लागत असावी.

जंगल मला मुळीच आवडलं नाही. आमच्याकडे शिरूर-दौंडला माणूस लांबून येताना दिसतो, कोण आहे, कुठे चाललाय, सगळं समजतं. इथे दहा हातांपलीकडचं दिसत नाही आणि भर दुपारी संध्याकाळ. पायाला जळवा लागतात. जळू रक्त पिते आणि पिताना दुखूसुद्धा देत नाही. असल्या ठिकाणी मुलगी आपखुशीने राहते यावर कोण विश्वास ठेवेल?

पहिल्या दिवशी बेडूक दिसला नाही. आदल्या दिवशी वर डोंगरात पाऊस झालेला, ओढा तट्ट फुगलेला, बसायचे दगड सगळे पाण्याखाली. सर काहीतरी समजावत होते, मी मान डोलावत होतो. मुलगी काठाकाठाने वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तिचे कपडे कमरेपर्यंत भिजले. दुपार सरली तेव्हा ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा म्हणत व्हता ते काय खोटं न्हाई," मी म्हटलं.

ती ज्या घरात उतरायची त्या घरच्या बाईंनी आम्हाला नाचणीची भाकरी आणि कसलीशी पालेभाजी वाढली. मी जिंकलो होतो. उद्या दुपारची जीप, सामान बांधायचं आणि चालू लागायचं. पण समोर ती भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसली होती. पोरग्याचं बिंग फुटल्यावर मुली रडतात किंवा चिडतात. ही तसं काहीच करत नव्हती. एखादा कामगार कामावरून कमी केल्यावर जसा बसतो तशी ती बसली होती, आणि तसा बसलेला माणूस मी पाहिलेला होता.

सकाळी पाणी उतरलं होतं. सरांचे गुडघे धरले म्हणून ते आले नाहीत, आम्ही दोघंच गेलो. ती मला काल नेलं त्याच्याही वर घेऊन गेली. तिथे ओढा दोन काळ्या खडकांमधून खाली पडतो. त्या जागी पाण्याचा आवाज एवढा होता की छातीत घुमत होता. आम्ही एका आडव्या पडलेल्या झाडावर बसलो.

मी विचारलं, "किती वेळ बसायचं?" तिने कानामागे हात धरला. मी ओरडून विचारलं. तिने मान हलवली, ऐकू येत नाही. तिनेही काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि मला एकदम बरं वाटलं. समोरच्या माणसाला माझ्याइतकंच ऐकू येतंय, असं घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग तिने तळहात माझ्यासमोर उभा धरला. थांब. दोन बोटं डोळ्यांकडे आणि मग पाण्याकडे. बघ तिकडे. खुणा आमच्या शॉपमधल्याच. ती त्या विसरली नव्हती.

मी बराच वेळ बघत होतो. दगड, पाणी, शेवाळ. आणि मग दगडाचाच एक तुकडा जरासा सरकला. तो बेडूक होता. त्याचा गळा फुगून बसत होता, म्हणजे तो जिवाच्या आकांताने ओरडत असणार. पण त्या पाण्यात त्याचं कोण ऐकणार? त्याने ओरडणं थांबवलं. मागचा पाय उचलला, सावकाश लांब केला, बोटं पसरली, पांढरं कातडं दाखवलं आणि पाय तसाच धरून ठेवला. हातभर अंतरावरच्या दगडावर दुसरा होता, तो मला दिसलाच नव्हता. त्यानेही पाय उचलला.

मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. ते प्रेस शॉप होतं. आवाजात बोलून उपयोग नाही म्हणून हे गडी पायाने बोलत होते, हा माझा दगड आहे, इकडे यायचं नाही. ओरडतो की, पण पाण्यात ऐकू जात नाही म्हणून पाय हलवतो, हेच तिने त्या दिवशी मोबाईलकडे बघत सांगितलं असणार. मला हसू आलं. ओडिशाच्या त्या माणसाला हे दाखवायला पाहिजे होतं.

मी वळलो तर ती बेडकाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने बोट हवेत गोल फिरवलं, मग मनगटांची फुली केली आणि भुवया वर केल्या. चालू ठेवू, की बंद?

मी तिला थोडं ताटकळत ठेवलं, माझा स्वभावच तसा. मग मी बोट गोल फिरवलं. चालू ठेव. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पुसलं.

मला वाटलं संपलं. पण तिने पुन्हा हात वर केला. आधी माझ्या कानाकडे बोट केलं. मग आपल्या तळहातावर मूठ आपटली. कान. मशीन.

मला आधी काही लागेना. इथे प्रेसचं काय? मग ते स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं, आणि मशीन घ्यावंच लागंल. कानाचं मशीन. वॉशिंग मशीन मागणारं कुणी नव्हतंच. पोरगाही नव्हता. आणि आमच्या घरात कुणी हळू बोलतही नव्हतं.

तिने मनगटावर टिचकी मारली. कधीपासून?

घरी असतो तर मी तिच्या अंगावर ओरडलो असतो, साफ कानांवर हात ठेवले असते. पण तिथे ओरडून काही होणार नव्हतं आणि हात तर बोलण्यासाठीच लागत होते. मी उठून उभा राहिलो. बेडकांनी टपाटप पाण्यात उड्या घेतल्या. मी उजवा हात खाली नेला आणि माझ्या गुडघ्याच्या जरा वर, तळहात जमिनीकडे करून धरला. तू एवढी होतीस तेव्हापासून.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मीही तो तसाच धरून ठेवला.